लस घेऊनही फ्लू झाला! मग टोचून घेतली कशाला?

मधुमालती | सोमवार, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते, आज पडल्या पडल्या धागा काढतेय तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

झालं असं की दोन महिन्यांपूर्वी मी आणि नवऱ्याने फ्लूची लस घेतली. मुलाला (वय ६) पण द्यायची होती, नेमका त्या दिवशी त्याला ताप होता म्हणून पुढे ढकलली आणि मग राहूनच गेली. सासूबाईंना (वय ७१, डायबेटिस आहे) विचारलं तर म्हणाल्या मला जन्मात कधी फ्लू झाला नाही, मला कशाला सुया टोचताय. बरं, राहिलं. गेल्या बुधवारी मुलगा शाळेतून आला तोच डोळे लाल आणि अंगाला हात लावला तर चटका बसावा. शुक्रवारी दुपारी सासूबाई झोपल्या, संध्याकाळी मी. सकाळी चांगली ठणठणीत होते हो, संध्याकाळी जिना चढताना पायात जीवच राहिला नाही. १०२ ताप, डोकं ठणकतंय, हाडन् हाड दुखतंय, कोरडा खोकला. टेस्ट केली तर इन्फ्लुएन्झा ए. नवरा मात्र घरभर हिंडतोय, त्याला काही नाही, वर मला विचारतो तुला शिळी लस दिली का म्हणून.

आता मुद्दा असा की मग ही लस घेऊन उपयोग काय? चिडून विचारतेय असं समजा, पण खरंच समजून घ्यायचंय.

शंकासुर | ३:२२

घ्या! मी हेच ओरडून ओरडून सांगतोय इतकी वर्षं. एकदाच घेतली होती, दुसऱ्या दिवशी अंगात कसकस आणि आठवड्यात सणसणीत आजारी. लसच फ्लू देते. त्यानंतर नाव काढलं नाही.

दुपारची झोप | ३:२५

मालती तू आधी झोप. धागा कुठे पळून जात नाहीये.

घडीचा डबा | ३:४१

फ्लू फ्लू काय, सर्दीच ती, नाव मोठं दिलं की सुट्टी मोठी मिळते. (कृपया हलके घ्या.)

लॅबवाली | संध्याकाळी ५:०५

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. बाकी लिहिते जमेल तसं.

@घडीचा डबा, हलके घेतलं, पण सर्दी आणि फ्लू यांचे व्हायरस वेगवेगळे. सर्दी बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरसची असते, ती हळूहळू चढते, आधी घसा खवखवतो मग नाक गळतं, माणूस कुरकुरत का होईना कामं करतो. फ्लू अचानक येतो. मधुमालतीने लिहिलंय ना "सकाळी ठणठणीत, संध्याकाळी पायात जीव नाही", अगदी तसा. बऱ्याच पेशंटना ताप नेमका किती वाजता सुरू झाला हे सुद्धा सांगता येतं. आणि जुलाब-उलट्यांना लोक "पोटाचा फ्लू" म्हणतात त्याचा इन्फ्लुएन्झाशी काडीचा संबंध नाही, ते व्हायरस निराळेच.

@शंकासुर, टोचायची जी लस असते तिच्यात जिवंत व्हायरस नसतोच, मारलेल्या व्हायरसचे तुकडे असतात किंवा नुसतं त्याचं एखादं प्रोटीन. त्यातून फ्लू होणं शक्य नाही. दुसऱ्या दिवशीची कसकस, दंड दुखणं हे तुमच्या शरीराने दखल घेतल्याचं लक्षण, एकदोन दिवसांत जातं. आठवड्यात जे झालं त्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे लस घेतल्यावर अँटीबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्या मधल्या काळात तुम्ही उघडेच. दुसरं, तो फ्लू नसेलच, त्या मोसमात डझनभर इतर व्हायरस फिरत असतात. टेस्ट केली होती का?

नाकात मारायच्या स्प्रेची लस वेगळी, तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला व्हायरस असतो, तो नाकातल्या थंडाव्यात वाढतो आणि फुप्फुसाच्या उबेत त्याला नीट वाढता येत नाही, असा मुद्दाम घडवलेला. ती गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना देत नाहीत.

शंकासुर | ५:१८

टेस्ट कोण करतं. पण मग मधुमालतींना दोन महिन्यांनी झाला त्याचं काय? दोन आठवड्यांचं गणित इथे नाही चालत.

लॅबवाली | ५:५०

बरोबर पकडलंत, नाही चालत. त्यालाच आता मोठं उत्तर लिहितेय, चहा टाकून आले.

फ्लूचे व्हायरस चार प्रकारचे, ए, बी, सी आणि डी. डी मुख्यतः गुराढोरांत, सी मुळे थोडीशी सर्दी. दरवर्षी साथ आणतात ते ए आणि बी. ए चे पोटप्रकार त्याच्या अंगावरच्या दोन प्रोटीन्सवरून पडतात, एच आणि एन. एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, ही पेशीला चिकटायची कडी. एन म्हणजे न्युरामिनिडेज, ही नवीन तयार झालेले व्हायरस पेशीपासून सोडवून घ्यायची कात्री. सध्या माणसांत फिरणारे एच१एन१ (२००९ च्या साथीत आला त्याचे वंशज) आणि एच३एन२ (हा १९६८ पासून मुक्कामाला आहे), शिवाय बी चा व्हिक्टोरिया नावाचा वंश.

आपली लस शरीराला शिकवते ती मुख्यतः एच ची ओळख. आणि गंमत अशी की हा व्हायरस स्वतःची नक्कल काढताना इतक्या चुका करतो आणि त्या दुरुस्त करायची सोयच त्याच्याकडे नाही, की दर मोसमात एच चा चेहरा थोडा थोडा बदलत जातो. कालची अँटीबॉडी आज त्याला अर्धवट ओळखते. म्हणून लस दरवर्षी नवी. जागतिक आरोग्य संघटनेचे लोक वर्षातून दोनदा बसतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, जगभरच्या लॅबमधून आलेले नमुने बघून ठरवतात की येत्या मोसमात कोण फिरेल. पुढे लस बनवून बाजारात यायला सहाएक महिने लागतात कारण अजूनही बरीचशी लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात. त्या सहा महिन्यांत व्हायरस थोडाच हाताची घडी घालून बसतो. शिवाय एच३एन२ ला अंड्यात वाढवताना तो अंड्यात राहायची सवय लावून घेतो आणि मूळ चेहऱ्यापासून अजून थोडा लांब जातो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध लस बऱ्याचदा सगळ्यात लंगडी पडते.

म्हणजे अंदाज चांगला जुळलेल्या वर्षी सुद्धा लस फ्लूने डॉक्टरकडे जायची पाळी ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. उरलेल्यांत मधुमालती. नवरा बहुतेक दुसऱ्या बाजूला पडला, किंवा त्याला झालाय पण लक्षणंच नाहीत, तेही होतं.

मधुमालती | रात्री ८:१५

म्हणजे छापा-काटाच की. पण हे कुणी आधी का सांगत नाही? "लस घ्या, फ्लू टाळा" एवढंच लिहिलेलं असतं.

निवांत_कासव | ८:३०

+१ याला. हेल्मेट घातलं की अपघात होत नाही असं कुणी म्हणत नाही ना, लसीबद्दल मात्र तसंच सांगतात आणि मग माणसं चिडतात. आमच्या बाबांना गेल्या वर्षी लस घेऊन झाला होता, चार दिवसांत उठून बसले. त्याच्या आदल्या मोसमात बिनलसीचा झाला तेव्हा ऑक्सिजनवर होते. एका माणसावरून सिद्ध काही होत नाही हे मान्य, पण आता आम्ही दरवर्षी गपचूप घेतो.

लॅबवाली | ८:४४

एका माणसावरून नाही, पण मोठ्या संख्येवरून हे दिसलेलं आहे. लस घेऊनही ज्यांना होतो त्यांच्यात ॲडमिट व्हायचं, आयसीयूत जायचं प्रमाण कमी असतं. लसीचा खरा हिशोब तिथे आहे, शिंका मोजण्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी साधारण १०० कोटी लोकांना फ्लू होतो, त्यातल्या ३० ते ५० लाखांना गंभीर, आणि २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं नुसत्या श्वसनाच्या त्रासाने जातात.

मालती, सासूबाई कशा आहेत? तू स्वतःबद्दलच लिहिलंस. ७१ आणि डायबेटिस, म्हणजे त्या पक्क्या जोखमीच्या गटात. ६५ च्या पुढचे, पाच वर्षांखालची मुलं (त्यातही दोनच्या आतली), गरोदर बायका, दमा, हृदय, किडनी, डायबेटिस, फार लठ्ठपणा, केमो चालू असलेले, या सगळ्यांनी फ्लू वाटला की थांबून बघायचं नाही, पहिल्याच दिवशी डॉक्टर. ओसेल्टामिविर सारखी औषधं पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगाची, ती वर सांगितलेली कात्रीच बोथट करतात. उशीर झाला तरी जोखमीच्या किंवा ॲडमिट पेशंटना डॉक्टर देतात.

मधुमालती | ८:५८

त्यांना आज बराच आराम आहे. दुपारपासून ताप नाही. मीच उगाच डॉक्टरकडे नेलं नाही, त्या म्हणाल्या साधा ताप आहे, आणि माझ्या अंगात उठायचं त्राण नव्हतं.

खिडकीतला | मंगळवार, सकाळी ७:३५

नवीन सदस्य आहे. प्रश्न: आमच्या बाळाच्या लसीच्या कार्डावर "हिमोफिलस इन्फ्लुएन्झी" लिहिलंय आणि शिक्का आहे. म्हणजे त्याची फ्लूची लस झाली असं धरायचं ना?

लॅबवाली | ७:५२

नाही!! बरं झालं विचारलंत. हा नावाचा घोळ १८९२ पासूनचा आहे. रिचर्ड फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या पेशंटच्या घशात एक जिवाणू सापडला आणि त्याला वाटलं हाच गुन्हेगार, म्हणून जिवाणूला नाव पडलं इन्फ्लुएन्झी. तो जिवाणू मेंदूज्वर, न्यूमोनिया करतो, त्याची लस बाळाला हवीच, पण फ्लू त्याचा नाही. खरा फ्लूचा व्हायरस माणसांतून १९३३ साली वेगळा काढला, तोही फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या मदतीने, कारण फेरेटला माणसाचाच फ्लू होतो आणि तो आपल्यासारखाच शिंकतो. पुढे एक आजारी फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यालाही झाला. तोपर्यंत नाव बदलायची वेळ निघून गेली होती.

फ्लूची लस बाळाला सहा महिन्यांनंतर देतात. त्याआधी द्यायची लसच नाही, म्हणून आईने गरोदरपणात घेतली तर तिच्या अँटीबॉडी बाळाला पहिले काही महिने पुरतात.

दुपारची झोप | ९:१०

फेरेटचा शिंकणारा फोटो कुणी टाका रे. (अवांतर)

घडीचा डबा | ९:२८

माझा प्रश्न आता गंभीर आहे. ऑफिसात शेजारच्या डेस्कवरचा गेले दोन दिवस खोकतोय, तोंडावर हात नाही मास्क नाही, सुट्टी मागितली तर साहेब म्हणतात "गोळी घे आणि ये". मी काय करू? आणि थंडीत भिजलं की फ्लू होतो हे खरं की आजीचं?

निवांत_कासव | ९:४०

खिडकी उघड. खरंच सांगतोय, विनोद नाही.

लॅबवाली | दुपारी १:०५

कासवरावांना अनुमोदन. थंडीने किंवा भिजल्याने फ्लू "होत" नाही, व्हायरस असल्याशिवाय कितीही भिजा. पण थंड आणि कोरड्या हवेत हा व्हायरस जास्त वेळ तगून राहतो, आणि थंडीत माणसं खिडक्या लावून एकमेकांचा श्वास घेत बसतात. म्हणून थंड देशांत त्याचा मोसम हिवाळा. उष्ण कटिबंधात मात्र तो बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यात उसळतो आणि काही ठिकाणी वर्षभर रेंगाळतो, तेव्हा नुसतं तापमान बघून चालत नाही.

पसरतो खोकल्या-शिंकांच्या थेंबांतून, जवळ बसून बोलताना बाहेर पडणाऱ्या अगदी बारीक कणांतून, आणि हातांवरून. गुळगुळीत कडक पृष्ठभागावर (दाराची मूठ, कीबोर्ड, लिफ्टचं बटण) तो २४ ते ४८ तास राहू शकतो, कापडावर आणि कागदावर त्याहून कमी, हातावर जेमतेम पाचेक मिनिटं, पण तेवढ्यात आपण डोळा चोळतो. साबणाने २० सेकंद, किंवा निदान ६० टक्के अल्कोहोलवालं सॅनिटायझर. याच्या पाठीला तेलकट आवरण असतं, साबणापुढे ते टिकत नाही.

आणि शेजाऱ्याचं म्हणाल तर त्याने तुम्हाला दिलाच असेल तर खोकला सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच दिलेला असू शकतो. लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून माणूस पसरवायला लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस, पहिले तीनचार सगळ्यात वाईट. मुलं तर त्याहून जास्त दिवस. लागण झाल्यापासून लक्षणं यायला एक ते चार दिवस, बहुतेकांना दोन. मालतीच्या घरी बघा, मुलगा बुधवारी, या दोघी शुक्रवारी, पुस्तकात छापावं असं.

तुमच्या साहेबांची "गोळी घे आणि ये" ही तर कमाल आहे. गोळीने ताप लपतो, व्हायरस नाही लपत. गोळी न घेता २४ तास ताप नसेल तर मग बाहेर पडायचं, शाळेलाही तेच.

शंकासुर | १:३०

हे सगळं ठीक पण ज्याची प्रतिकारशक्ती दणदणीत आहे त्याला कशाला हवंय? मी रोज पहाटे पाच किलोमीटर पळतो. माझ्या शरीराला सराव आहे.

निवांत_कासव | १:४८

शंकासुरभाऊ, १९१८ च्या साथीत निदान पाच कोटी माणसं गेली असं मानतात आणि त्यात वीस ते चाळीस वयाच्या तगड्या लोकांचा भरणा भलताच होता. ते पण पळत असतील.

शंकासुर | १:५५

ती वेगळी साथ होती. सीझनल फ्लूची गोष्ट चाललीय.

लॅबवाली | २:२०

हे शंकासुरांचं बरोबर आहे, ती सरमिसळ नको. मी काल सांगितलं तो चेहरा हळूहळू बदलायचा प्रकार. दुसरा प्रकार असा की या व्हायरसचं जनुकीय सामान आठ सुट्या तुकड्यांत असतं. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले, समजा एक पक्ष्यांचा एक माणसांचा, तर पत्ते पिसावेत तसे तुकडे मिसळतात आणि एकदम अनोळखी चेहऱ्याचा व्हायरस निघतो. १९५७, १९६८ आणि २००९ च्या जागतिक साथी अशा पिसलेल्या पत्त्यांतून आल्या. दरवर्षीचा फ्लू त्यामानाने ओळखीचा पाहुणा.

पण १९१८ मधली एक गोष्ट आजच्या फ्लूलाही लागू आहे. त्यातले बहुसंख्य मृत्यू व्हायरसने थेट झाले नाहीत, त्याने फुप्फुसाचं अस्तर सोलून काढल्यावर मागून जिवाणू घुसले आणि न्यूमोनिया झाला. तेव्हा अँटीबायोटिक नव्हती.

पळणं चांगलंच आहे, सोडू नका. फक्त तुमच्या घरात कोणी म्हातारं, तान्हं असेल तर तुम्ही पळून घरी येताना काय घेऊन येता हाही प्रश्न आहे.

अवांतर: बी फ्लूचा यामागाता नावाचा अख्खा वंश मार्च २०२० नंतर कुठेच खात्रीलायक सापडलेला नाही. कोविडच्या काळात सगळे घरात, मास्क, प्रवास बंद, त्यात फ्लूची साथ जवळजवळ नाहीशीच झाली होती आणि हा बिचारा परतलाच नाही. म्हणून चार व्हायरसांची लस आता पुन्हा तीनची होतेय. मास्क आणि हात धुण्याने काही होत नाही म्हणणाऱ्यांनी यामागाताला विचारावं.

खिडकीतला | २:३१

वाखुसा (वाचनखूण साठवली). यामागाताला श्रद्धांजली.

मधुमालती | बुधवार, सकाळी ६:४०

मला बरं आहे, ताप गेला, थकवा प्रचंड. मुलगा उड्या मारतोय. पण सासूबाईंना काल रात्री पुन्हा थंडी वाजून ताप आला. सोमवारी दुपारपासून काहीच नव्हता हो. खोकला आता ओला झालाय, पिवळट पडतंय, आणि मगाशी मला विचारत होत्या आज कोणता वार आणि मी घरी का, दोनदा तेच. जागरणाने असेल का? नवरा म्हणतो आठ वाजता दवाखाना उघडला की नेऊ. घरात अँटीबायोटिकची अर्धी स्ट्रिप आहे मागची, ती देऊन बघू का तोवर?

लॅबवाली | ६:४६

आठची वाट बघू नका. आत्ता निघा, कॅज्युअल्टी असलेल्या हॉस्पिटलमध्ये. बरं वाटून पुन्हा ताप चढणं, ओला खोकला, त्यात गोंधळल्यासारखं बोलणं, ही थांबायची लक्षणं नाहीत. ती अर्धी स्ट्रिप देऊ नका. साखर मोजायचं मशीन असेल तर निघताना एकदा साखर बघा, ऑक्सिमीटर असेल तर तोही लावा, पण त्यासाठी थांबू नका. फ्लू कधी सुरू झाला, टेस्ट कधी केली, कोणती औषधं चालू आहेत हे कागदावर लिहून न्या.

निवांत_कासव | ६:४९

निघा ताई. मुलाला शेजारी सोडू नका हं, तो अजून पसरवत असेल. नवरा आणि सासूबाई जाऊ देत, तू थांब त्याच्यापाशी.

दुपारची झोप | ६:५५

कळव गं पोचल्यावर.

घडीचा डबा | ११:२०

काही कळलं का?

मधुमालती | रात्री ९:३०

न्यूमोनिया. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात. पोचल्या तेव्हा ऑक्सिजन ८८ होता, साखर चारशेच्या वर. ॲडमिट केलंय, ऑक्सिजन लावलाय, शिरेतून अँटीबायोटिक आणि ओसेल्टामिविर दोन्ही सुरू. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले बरं झालं वाट बघत बसला नाहीत. तुमचे सगळ्यांचे पाय धरावेत असं झालंय. मी घरी मुलाजवळ आहे आणि डोकं चालत नाहीये.

लॅबवाली | ९:४२

आता त्या योग्य हातात आहेत. तू जेव आणि झोप.

शंकासुर | ९:५०

लवकर बऱ्या होवोत. माझा वाद बाजूला.

खिडकीतला | गुरुवार, सकाळी १०:१५

वाचून पोटात गोळा आला. एक विचारतो, कसं ओळखायचं की आता घरी थांबायचं नाही? बहुतेक लोक तर आठवड्यात आपोआप बरे होतात ना.

लॅबवाली | दुपारी १२:४०

हो, बहुतेकांना विश्रांती, भरपूर पाणी-पातळ पदार्थ आणि तापाला पॅरासिटामॉल एवढंच पुरतं, खोकला आणि थकवा दोनतीन आठवडे रेंगाळला तरी घाबरायचं नाही. पण मोठ्या माणसात धाप लागणं, छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं होणं, गोंधळणं, उठता न येण्याइतकी चक्कर, लघवी न होणं, आणि हे जे इथे झालं ते, म्हणजे उतरलेला ताप परत येणं. हे शेवटचं लोक सगळ्यात जास्त चुकवतात कारण मधल्या एकदोन दिवसांत सगळे सुटकेचा श्वास टाकून कामाला लागलेले असतात. लहान मुलात जोरजोरात श्वास, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, ओठ निळसर, दूध-पाणी न पिणं, आठ तास लंगोट कोरडा, रडताना डोळ्यात पाणी नाही, जागं असून लक्ष नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर कारण शोधत बसायचं नाही, उचलायचं आणि न्यायचं.

हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट ॲटॅकचा धोका कित्येक पट वाढतो.

खडू-फळा | १:१५

शाळेत शिकवते म्हणून लिहिते. पालक मुलाला सकाळी तापाचं औषध पाजून पाठवतात, अकरा वाजता औषध उतरलं की पोर बाकावर डोकं ठेवून झोपतं. रोज एक तरी. त्यांच्याही नोकऱ्या आहेत, कळतं मला. पण त्याच्या शेजारी बसलेल्याच्या घरी कोण आजी आहे हे त्यांना माहीत नसतं.

आणि घरात पडून असलेली ॲस्पिरिन मुलांना देऊ नका म्हणावं, एका मुलीच्या दप्तरात चिठ्ठीसकट आली होती.

लॅबवाली | १:३०

ॲस्पिरिनचं फार बरं झालं काढलंत. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांत ॲस्पिरिनमुळे रे सिंड्रोम होऊ शकतो, क्वचित होतो पण मेंदू आणि लिव्हर दोन्हीवर जातो. अजून एक नेहमीचा घोटाळा, पॅरासिटामॉल वेगळं घेतात आणि सर्दीची कॉम्बिनेशन गोळी वेगळी घेतात, त्या गोळीतही पॅरासिटामॉलच असतं. मोठ्यांनी सगळं मिळून दिवसात ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून बरंच कमी. पाकिटाची मागची बाजू वाचा.

घडीचा डबा | ३:१०

माझी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली पण अंग मोडून आलंय. शेजारी पावला वाटतं.

लॅबवाली | ३:२५

रॅपिड टेस्ट निगेटिव्ह म्हणजे फ्लू नाही असं नाही, ती बऱ्यापैकी केसेस चुकवते. पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा, निगेटिव्ह आली आणि साथ चालू असेल तर फ्लू आहे असंच वागा. पीसीआर जास्त नेमकी. घरी बसा आणि साहेबांना हा धागा पाठवा.

घडीचा डबा | ३:२९

पाठवला असता, पण सुरुवातीलाच माझा तो "नाव मोठं, सुट्टी मोठी" वाला दिसेल.

मधुमालती | पुढचा मंगळवार, सकाळी ११:००

मंडळी, सासूबाई काल घरी आल्या. ऑक्सिजन ९६, साखर आटोक्यात, चालताना दम लागतो पण बोलायला दम कमी पडत नाही. मुलाला सांगत होत्या की तुझ्यामुळे नाही रे झालं, व्हायरसमुळे झालं. मला मात्र म्हणाल्या की तू मला सुई टोचायला नीट आग्रह केला नाहीस. आता बोला.

धाग्याच्या शीर्षकातला माझा प्रश्न मला आता जरा वेडगळ वाटतोय. बदलत नाही, असू दे.

दोन शंका उरल्यात. फ्लू होऊन गेल्यावर या मोसमात लस घेण्यात अर्थ आहे का, त्यांना आणि मुलाला? आणि हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाची पण लस सांगितलीय.

लॅबवाली | ११:३५

अर्थ आहे. यांना ए चा एक प्रकार झाला, लसीत तीन आहेत, बाकीचे दोन अजून फिरत असतील. पूर्ण बरं वाटू दे, मग डॉक्टरांना विचारून घ्या. मुलाचं नऊच्या आत वय आणि पहिल्यांदाच असेल तर साधारण चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, एकावर थांबू नका. न्यूमोनियाची म्हणतात ती न्यूमोकॉकल लस, फ्लूच्या मागून घुसणाऱ्या जिवाणूंतला सगळ्यात नेहमीचा जो आहे त्याच्यासाठी. ती दरवर्षी नसते.

शंकासुर | ११:५०

मी घेईन असं नाही म्हणत. पण आमच्या आईला ७८ आहेत, तिला अंड्याची ॲलर्जी आहे, तिला चालते का?

लॅबवाली | १२:०५

आता बऱ्याच ठिकाणी अंड्याची ॲलर्जी असली तरी देतात, अंड्याचा अंश लसीत अगदी नगण्य असतो, शिवाय अंड्याशिवाय बनवलेल्या लसीही आहेत. मागे लसीचीच गंभीर रिॲक्शन आली असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांना ॲलर्जीचं आधी सांगा म्हणजे झालं.

मधुमालती | १२:२०

सासूबाई बाजूला बसून सगळं वाचून घेतायत माझ्याकडून. विचारतायत की दोन्ही लसी एकाच दिवशी देतात का, का दोन खेपा घालाव्या लागतील.

लॅबवाली | १२:२४

एकाच दिवशी चालतात. एक या दंडात, एक त्या दंडात.

मधुमालती | १२:२८

"मग झोपायचं कोणत्या कुशीवर" असं विचारतायत. यावर माझ्याकडे उत्तर नाही.